ओझेला ब्रॉडनॅक्सचं पोस्ट

शनिवारी सकाळी व्हर्डेलच्या दुकानात बायकांची जत्रा भरायची. रविवारी चर्चला जायचं तर केस नीट हवेत, आणि मिसिसिपीतल्या बेल्स लँडिंग गावात केस नीट करणारी ती एकटीच. दुकान तिच्या आत्यानं थाटलेलं. आत्या गेली तसं व्हर्डेलनं ते हातात घेतलं, आणि सत्तरी गाठली तरी सोडलं नव्हतं.

त्या शनिवारी खासदारांच्या कचेरीतली डेनीशा नावाची मुलगी दार ढकलून आत आली. उंच टाचांचे बूट, हातात फोन, आणि चेहऱ्यावर लग्नाची बातमी आणल्यासारखा आनंद.

"मिस व्हर्डेल, साहेबांनी मनावर घेतलंय! चर्चच्या बायकांनी मागणी केली होती ना, गावच्या पोस्टाला तुमच्या आत्यांचं नाव द्या म्हणून? साहेब विधेयक मांडतायत. कायदा होणार त्याचा."

"पोस्टाच्या पाटीसाठी कायदा?" केस वाळवायच्या यंत्राखालून म्हातारी इमोजीन ओरडली. त्या यंत्राच्या घरघरीत तिला सगळं जग बहिरं वाटायचं. "कायदा खुनासाठी असतो एवढं ऐकून होते बाई मी!"

"पोस्ट केंद्र सरकारचं असतं, मिस इमोजीन. वॉशिंग्टननं मंजुरी दिल्याशिवाय त्याला नाव देता येत नाही."

"मग शाळेला द्या म्हणावं."

"शाळा बंद पडली ना."

"दवाखान्याला द्या."

"दवाखानाही बंद झाला, मिस इमोजीन."

"मग पोस्टालाच द्या बाई, आणि घाई करा. तेवढंच उरलंय!"

सगळं दुकान हसलं. डेनीशानं एक खुर्ची ओढली. ती मूळची जॅक्सन शहरातली, तिला गावची गोष्ट कानावरून गेलेली तेवढीच माहीत. "मला साहेबांसाठी टिपण करायचंय," ती म्हणाली. "आत्यांनी नेमकं काय केलं, ते एका वाक्यात सांगता?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एका वाक्यात!

"तिनं गावाला पोहायला शिकवलं," व्हर्डेल म्हणाली, आणि हातातला कंगवा तिनं बाजूला ठेवला. मग पुढची वाक्यं आपोआप आली.

गावाला लागून एक तळं आहे. नदीनं फार पूर्वी वाट बदलली आणि जुनं वळण मागं टाकून दिलं, त्याचंच हे तळं झालं. वरून झोपल्यासारखं शांत, आत खोल. व्हर्डेलच्या लहानपणी काळ्या वस्तीतला एकही माणूस त्यात कमरेच्या पुढं जात नसे. पाद्रीबाबा बाप्तिस्मा देताना तेवढंच पाणी वापरत, आणि तेवढंच पाणी माणसाच्या हिताचं, असं सगळे मानत. गावात पोहण्याचा हौद होता, निळ्या फरशांचा, सुरेख. पण तो गोऱ्यांचा. काळ्या पोरांनी कुंपणाच्या जाळीला नाक लावून बघावं एवढाच त्यांचा हक्क.

व्हर्डेलचा थोरला भाऊ क्लिओ आणि त्याचा एक दोस्त ऑगस्टमधल्या एका दुपारी मासे धरायला तळ्यावर गेले. होडी जुनी होती, मधोमध कलंडली. आरडाओरडा ऐकून शेतांवरून, घरांतून माणसं धावली. बाप्यांनी हातात हात गुंफून साखळी केली आणि ते पाण्यात उतरले. छातीपर्यंत गेले, गळ्यापर्यंत गेले. साखळीच्या टोकाला ओझेला आत्या होती, कारण सगळ्यांत उंच तीच. होडीच्या फळीला धरून असलेला क्लिओ तिला दिसत होता. तो "आत्या, आत्या" म्हणत होता. मधे जेमतेम एका ओंडक्याएवढं पाणी. पण पुढं पाय टेकत नव्हता, आणि त्या सबंध साखळीत पोहता येणारं एक माणूस नव्हतं. पोरांचे हात सुटले ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

दफन झालं. नऊ वर्षांची व्हर्डेल आईच्या कुशीला चिकटून उभी होती. बायका म्हणत होत्या, देवाची मर्जी. पुढल्या आठवड्यात आत्या पर्विसच्या दारात जाऊन उभी राहिली. पर्विस दुसऱ्या महायुद्धात आरमारात होता. काळ्या माणसाला तिथं तोफेजवळ कोण उभं करणार? तो जहाजावर स्वयंपाक करायचा. पण त्याचं जहाज बुडालं होतं आणि तो जिवंत परत आला होता, हे गावाला ठाऊक होतं.

"मला पोहायला शिकव," आत्या म्हणाली.

"बाई, तुमची चाळिशी उलटली."

"पाणी वय विचारतं का?"

आत्यापाशी पोहायचे कपडे कुठले? नवऱ्याची जुनी विजार आणि सदरा घालून ती तळ्यात उतरली. कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्या सायप्रसच्या खोडाला. विषारी पाणसाप पळावेत म्हणून आधी झाडूनं पाणी बडवायची. काठावर बघ्यांची गर्दी जमायची.

"ओझेला, बेडकांकडे शिकवणी लावलीस काय गं?"

"अगं, झाडूवर बसून उडायचं तरी शीक, बुडायची भीती नको!"

आत्या नाकातोंडातलं पाणी थुंकून म्हणायची, "हसा बायांनो, हसा. उद्या तुमचीच पोरं माझ्या हाताखाली येणार आहेत."

पाद्रीबाबांना ते रुचलं नाही. पाणी आत्म्याच्या उद्धारासाठी असतं, खेळण्यासाठी नव्हे, असं त्यांनी भर प्रार्थनेत सुनावलं. आत्या बाकावरून उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही आत्म्याचं बघा. देहाचं मी बघते."

पुढचा उन्हाळा येईतो ती तळं आडवं ओलांडून जाऊ लागली होती. मग एका संध्याकाळी ती भावाच्या घरी आली. व्हर्डेल आईशेजारी ओट्याच्या पायरीवर शेंगा सोलत बसली होती. तिनं सगळं ऐकलं.

"वहिनी, व्हर्डेलला दे माझ्याकडे."

आईनं मान वर केली नाही. "एक दिलाय त्या पाण्याला."

"म्हणून तर मागतेय."

"मी हिला पाण्यापासून लांब ठेवणार आहे, ओझेला. मरेपर्यंत लांब."

"किती लांब ठेवशील? तळं दारात आहे. ते काही गाव सोडून जाणार नाही, आणि आपणही नाही."

शेंगांचं टोपलं उचलून आई आत निघून गेली. पुढे काही दिवस तिनं नणंदेशी धड शब्द काढला नाही. मग एका सकाळी व्हर्डेलचा हात धरून ती आपणहून तळ्यावर आली. "दोर मी धरणार," ती म्हणाली. "झाडाला नाही बांधायचा. आणि दुसऱ्या कुणाच्या हातातही द्यायचा नाही."

तो सबंध उन्हाळा आईनं दोर धरला. तळहात सोलवटून निघाले, त्यांना डुकराची चरबी लावून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. व्हर्डेल पाण्यात हातपाय मारायची तेव्हा कमरेला दोराचा ताण जाणवायचा. तिला राग यायचा, आणि बरंही वाटायचं. एकदा ती आत्याच्या मागं मागं पोहत तळ्यात आत उभ्या असलेल्या तुटक्या झाडाच्या खुंटापर्यंत गेली, खुंटाला शिवून परत फिरली, आणि बघते तर दोर पाण्यावर मोकळा पसरलेला. आईनं तो कधीच सोडून दिला होता. ती काठावर उभी राहून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती आणि रडत होती.

त्यानंतर मग वस्तीतलं एकेक घर आलं. ज्या बाईनं पोराचं दुःख सोसलं तीच पोर पाठवते, म्हटल्यावर दुसऱ्यांना सबब उरली नाही. आत्या ओरडायची, "पाण्याशी भांडू नका! ते तुमच्याहून मोठं आहे. त्याच्यावर निजा, आईच्या मांडीवर निजता तसं." आधी तरंगायचं, मग पोहायचं. पोरं शिकली, पोरांच्या आया शिकल्या, एका उन्हाळ्यात तर पाद्रीबाबासुद्धा चड्डी घालून आले. आत्याच्या दुकानावरून गावात एक विनोदच झाला होता: ओझेलाचा धंदा दोन्हीकडून चालतो, सकाळी केस सरळ करून द्यायचे आणि संध्याकाळी पाण्यात बुचकळून पुन्हा कुरळे करायचे. प्रत्यक्षात मात्र भिजलेले केस ती परत फुकट करून द्यायची.

मोठा पूर आला त्या साली रानातल्या घरांची छपरं तेवढी दिसत होती. सरकारी बोटी पोचायच्या आधी आत्याच्या शिष्यांनी दोर बांधून म्हातारीकोतारी माणसं बाहेर काढली. त्यांत गोरीही होती. बेल्स लँडिंगमध्ये त्या पुरात एकही माणूस बुडालं नाही.

"एका वाक्यात म्हणे," इमोजीन यंत्राखालून बाहेर येत पुटपुटली.

डेनीशानं डोळे पुसले. "मग पोस्टच का? म्हणजे, पोस्टाशी त्यांचा काही संबंध?"

"तो हौद होता ना, निळ्या फरशांचा," व्हर्डेल म्हणाली. "कोर्टानं सांगितलं, सगळ्यांना पोहू द्या. त्यावर नगरपालिकेनं काय केलं? काळ्यांबरोबर पोहण्यापेक्षा कुणीच पोहायला नको, म्हणून ट्रकांनी माती आणून तो भरून टाकला. त्याच जागेवर पुढं पोस्ट बांधलं."

डेनीशानं ते फोनवर टिपून घेतलं. मग म्हणाली, "हे कुणी मला सांगितलंच नव्हतं."

विधेयक सादर झालं. अशा विधेयकावर त्या राज्याच्या सगळ्या खासदारांनी सही करायची, अशी तिथली रीत. मिसिसिपीच्या खासदारांच्या सह्या पटापट झाल्या. एक मात्र अडली. डेनीशानं चौकशी केली तेव्हा कळलं की त्या खासदाराला बेल्स लँडिंगमधून कुणाचा तरी फोन गेला होता. घाई करू नका, गावात नाराजी आहे, असं सांगणारा. तो फोन कुणाचा, हे व्हर्डेलला विचारावं लागलं नाही. हॅस्केल डनअवे. हौद भरला तेव्हा त्याचे वडील गावचे महापौर होते.

"मी जाऊन येते," व्हर्डेल म्हणाली.

"साहेब बोलतील त्यांच्याशी," डेनीशा म्हणाली.

"तुझ्या साहेबाला हॅस्केल ओळखत नाही. मला ओळखतो."

हॅस्केलचं हार्डवेअरचं दुकान होतं, आता ते धाकटा जावई बघायचा. तो मागच्या अंगणात खुर्ची टाकून अक्रोडासारखी पेकानची फळं फोडत बसला होता. व्हर्डेलला बघून तो अर्धवट उठला. गुडघ्यांनी साथ दिली नाही म्हणून पुन्हा बसला.

"ये व्हर्डेल. चहा घेणार? गार आहे."

"घेईन ना."

बर्फाचा गोड चहा आला. दोघांनी पिकांच्या गोष्टी केल्या, कुणाच्या कुणाच्या आजारपणाच्या केल्या. मग व्हर्डेलनं पेला खाली ठेवला.

"मिस्टर हॅस्केल, फोन तुम्ही केलात."

"तुझ्या आत्याविरुद्ध माझं काही नाही," तो लगेच म्हणाला. "चांगली बाई होती. कुणीही सांगेल."

"मग?"

तो फळं फोडत राहिला. एक नीट फुटलं नाही, चुरा झाला. "पोस्टच कशाला? रस्त्याला द्या, बागेला द्या. पोस्टाला नाव दिलं की माणसं विचारणार, इथंच का? मग कुणी तरी सांगणार. वर्तमानपत्रवाले येणार. माझी नातवंडं वाचणार, तुमच्या पणजोबांनी काय केलं ते. ते काही राक्षस नव्हते, व्हर्डेल. गावानं त्यांना सांगितलं ते त्यांनी केलं."

"तुमची नॅन पोहायला कुठं शिकली, मिस्टर हॅस्केल?"

हॅस्केलचा हात थांबला. हौद बुजल्यावर श्रीमंत गोऱ्यांनी खाजगी क्लब काढला होता. हॅस्केलची तेवढी ऐपत नव्हती. त्याची बायको मुलीला, नॅनला, संध्याकाळी तळ्यावर आणायची, आणि हॅस्केल गाडी लांब रस्त्यावर उभी करून आतच बसून राहायचा. हे व्हर्डेलनं पाहिलं होतं, कारण नॅनला तरंगताना खालून हात देणारी तीच होती. पण हे ती बोलली नाही.

"तुझ्या आत्यानं तेव्हाही काही विचारलं नाही," हॅस्केल म्हणाला. "पोर पाण्यात घेतली आणि झालं."

"तिला पोर दिसायची. बाकीचं तिला दिसायचं नाही असं नाही. पण आधी पोर दिसायची."

"आणि तू समारंभात काय बोलणार? माझ्या वडिलांबद्दल?"

व्हर्डेल हसली. अगदी मनापासून हसली. "मिस्टर हॅस्केल, मला बोलायला पाच मिनिटं देणार आहेत. जन्मभर वाट बघून पाच मिनिटं. ती मी तुमच्या वडिलांवर घालवीन असं वाटलं तुम्हाला?"

हॅस्केलनं तिच्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावर आधी काही उमटलं नाही, मग खांदे हलायला लागले. तोही हसत होता. हसता हसता खोकला आला, आणि व्हर्डेलनंच त्याला पाणी आणून दिलं.

"कुणी विचारलं तर मी खोटं सांगणार नाही," ती निघताना म्हणाली. "ते आधीच सांगून ठेवते."

"तू खोटं कधी सांगितलंयस?" तो म्हणाला, आणि फोडलेल्या पेकानची पिशवी त्यानं तिच्या हातात कोंबली.

आठवडाभरात ती सही झाली.

मतदानाच्या दिवशी चर्चच्या दालनात मोठा टीव्ही लावला होता. स्वयंपाकघरात मासे तळणं चालू होतं. सगळ्यांना वाटलं होतं, भाषणं होतील, वाद होतील, मतं मोजतील. वॉशिंग्टनमध्ये एकानं कागद वाचला, त्यांच्या खासदारांनी दोन मिनिटं तळ्याची गोष्ट सांगितली, समोरच्या बाकावरच्या एका बाईनं पाठिंबा दिला, आणि कढईतला घाणा निघायच्या आत सगळं संपलंही. वाचणाऱ्यानं नाव "ऑझिला" असं घेतलं. त्यासरशी सगळं दालन एका आवाजात गरजलं, "ओझेला!" जणू तो माणूस ऐकतच होता.

"झालं?" इमोजीननं विचारलं.

"झालं," डेनीशा म्हणाली. "आता सिनेट, मग राष्ट्राध्यक्षांची सही."

"अगं बाई, अजून आहे? ओझेला तळ्यातून मासळीसारखी सळसळत जायची, आणि तिचं नाव बघा कसं रांगत चाललंय!"

रांगत रांगत का होईना, ते पोचलं. वसंतात समारंभ झाला. पोस्टाच्या अंगणात तंबू ठोकला, खुर्च्या कमी पडल्या. पडदा बाजूला केला तेव्हा मागून कुणी तरी म्हणालं, "एवढीशीच?" पाटी खरंच लहान होती, आतल्या भिंतीवर लावायची पितळी पाटी. बाहेरचा गावाच्या नावाचा फलक होता तोच राहणार, असं पोस्टमास्तरांनी अवघडून सांगितलं. जरा कुजबुज झाली. पण मग लोक रांग लावून पाटीपुढं गेले, आणि प्रत्येकानं तिच्यावरून हात फिरवला. म्हातारे, म्हाताऱ्या, पुरातून बाहेर काढलेले, बाहेर काढणारे. संध्याकाळपर्यंत त्या पितळेवर एवढे बोटांचे ठसे उमटले होते, की ते पुसून काढू का, असं सफाईवाल्यानं विचारलं. पोस्टमास्तर म्हणाले, राहू दे आजच्या दिवस.

हॅस्केल आला नाही. नॅन आली, मेम्फिसहून, आपल्या दोन्ही मुलांना घेऊन. तिनं व्हर्डेलच्या गळ्यात हात टाकले आणि मुलांना म्हणाली, "हिच्या हातावर मी पहिल्यांदा तरंगले."

व्हर्डेल बोलायला उभी राहिली. पाठ केलेलं सगळं विसरली. ती क्लिओबद्दल बोलली, साखळीबद्दल बोलली. "माझी आत्या त्या साखळीचं शेवटचं टोक होती," ती म्हणाली. "दुसरं कुणी असतं तर ते ओझं छातीवर घेऊन जगलं असतं, आणि कुणी नावं ठेवली नसती. तिनं ते ओझं उचललं आणि पुढच्या खेपेला साखळी तेवढी लांब व्हावी म्हणून आयुष्य घातलं. आणि माझी आई. आईचं नाव कुठल्या पाटीवर नाही. तिनं दोर धरला, आणि मग सोडला. मला विचाराल तर सोडणं जास्त अवघड होतं." पाच मिनिटं कधीच उलटून गेली होती, पण तिला कुणी थांबवलं नाही.

जेवण तळ्यावर होतं. तळलेले मासे, मक्याची भाकरी, शिजवलेली पालेभाजी, रताळ्याचं सारण भरलेली गोड पेस्ट्री. मे महिन्याचं ऊन चांगलं तापलं होतं. आधी पोरं पाण्यात शिरली, मग पोरांचे बाप, मग बघता बघता चर्चचे कपडे घातलेल्या, आदल्याच दिवशी व्हर्डेलकडून केस करून घेतलेल्या बायका. उंच टाचांचे बूट काठावर सोडून डेनीशाही उतरली. इमोजीनला दोघींनी धरून नेलं, आणि ती पाठीवर पडून तरंगायला लागली, पोट वर, डोळे मिटलेले, एखाद्या राणीसारखी.

व्हर्डेलची ताटली मांडीवर तशीच राहिली. ती खाऊ शकेना. नजर पाण्यावरून हलत नव्हती. ती डोकी मोजत होती. मोजून झालं की पुन्हा पहिल्यापासून मोजायची. आत्याही इथंच बसून असंच मोजायची, आणि तेव्हा तिला कुणी हाक मारली तरी ऐकू यायची नाही.

"व्हर्डेल, मासे गार होतायत!" कुणी तरी म्हणालं.

"होऊ देत," ती म्हणाली, आणि उठून काठावर गेली. "ए, त्या खुंटाच्या पलीकडं कोण गेलंय? नॅन, तुझा आहे का तो? मागं फीर रे! मागं फीर म्हणते ना!"